आठ महिन्यांचा अर्ज

बाई गेल्याचं सुताराला कळलं तेव्हा तो मिठागराच्या मोठ्या दारापाशी मांडीइतक्या पाण्यात उभा होता. दाराची खालची फळी कुजली होती. ती काढून नवी बसवायला ओहोटीचा तास-दीड तासच मिळतो. पाणी परत फिरायच्या आत फळी बसली नाही, तर भरती सरळ वाफ्यांत शिरते आणि अठरा घरांचं महिन्याभराचं मीठ विरघळून जातं.

फळी जागेवर आली होती. सुताराने तोंडात चार लांब खिळे धरले होते. एक काढून ठोकला आणि मान वर केली, तर बांधावर थांबा उभी. हातात चपला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. दुसऱ्या ओळीतल्या मिठवाल्याची ही मुलगी. काहीही विचारलं की आधी 'थांबा' म्हणायची, म्हणून सगळी शाळा तिला थांबा म्हणायची, आणि आता घरचेही म्हणायला लागले होते.

"शाळा सुटली काय गं?" त्याने खिळ्यांतूनच विचारलं.

ती पाण्याकडे बघत होती. मग दाराकडे बघितलं, मग त्याच्या तोंडातल्या खिळ्यांकडे.

"थांबा," ती म्हणाली.

सुताराला हसू आलं. ही नेहमी अशी येऊन त्याचं काम बघत बसायची, त्यामुळे त्याला वेगळं काही वाटलं नाही. दुसरा खिळा गेला, तिसरा वाकला, तो उपटून सरळ करून परत ठोकला. पाणी कमरेला लागलं. चौथा बसल्यावर त्याने दाराला खांदा लावून पाहिलं. दार हललं नाही. तो बांधावर चढला, लुंगी पिळली, हत्यारं पिशवीत टाकायला लागला.

तेव्हा ती म्हणाली, "काका, बाई वर्गात पडल्या. डॉक्टर येऊन गेले. बाई गेल्या."

"कधी?"

"तुम्ही फळी खाली सोडलीत ना, त्याच्या आधी."

बाई म्हणजे सुताराची बायको. बावीस वर्षं त्या शाळेत शिकवत होती. सगळी वस्ती तिला बाई म्हणायची. सुतारही लग्नानंतर गमतीने म्हणायला लागला आणि पुढे दुसरं काही म्हणायचं राहूनच गेलं.

तो शाळेपर्यंत चालत गेला. पळाला नाही. ओली लुंगी पायात येत होती.

*

पुढचे आठ-दहा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. माणसं बोलायची आणि सुतार ऐकायचा.

"पोरगी निरोप घेऊन उभी आणि हा आपला खिळे ठोकतोय."

"अरे, तिने सांगितलंच नाही."

"थांबाला कुणी पाठवलं पण? वर्गात दुसरं पोर नव्हतं?"

"वर्गाच्या दारापाशी तीच होती म्हणे. मोठ्या गुरुजींनी जा म्हणून सांगितलं, गेली."

सुताराची थोरली बहीण, आक्का, सोबतीला येऊन राहिली होती. ती एक दिवस भांडी घासता घासता म्हणाली, "अर्धा तास, अर्धा तास काय धरून बसलायस? तू लगेच गेला असतास तरी ती उठून बसली असती काय?"

"हात तरी गरम असता."

आक्काने भांडी आपटली.

थांबा नंतर दोनदा कुंपणापाशी येऊन उभी राहिली. दोन्ही वेळा सुताराने तिला पाहिलं आणि आत निघून गेला.

अकराव्या दिवशी मिठागराचा मुकादम आला. तो ओट्यावर टेकला, बराच वेळ इकडचंतिकडचं बोलला आणि मग कामावर आला. पाणी उपसायचं जुनं चाक मोडलं होतं. पायाने फिरवायचं लाकडी चाक, आठ पाती, पाती पुढून खोलगट. चाक चालल्याशिवाय वरच्या वाफ्यांत खारं पाणी चढत नव्हतं आणि ऊन तर फुकट चाललं होतं.

"तुला आत्ता सांगू नये," मुकादम म्हणाला. "पण सांगू कुणाला? दुसरा सुतार तीन गावं सोडून बसलाय आणि त्याने केलेली खुर्ची बसल्यावर कळते."

"करतो," सुतार म्हणाला.

लाकूड घरात होतं. त्याने फळ्या रंधून घेतल्या. गुण्या लावून कडा तपासल्या. हात चालत होते तोवर बरं होतं. आठही पाती एकसारखी व्हायला हवीत, म्हणून आधी जाड कागदाचा फर्मा कापावा लागतो. फर्मा फळीवर ठेवायचा, कडेने पेन्सिल फिरवायची, मग करवत. जाड कागद बाईंच्या टेबलावर असायचा. नेहमी तो विचारून घ्यायचा आणि ती हमखास म्हणायची, "कोरा बघून घ्या. मागच्या वेळी माझा नकाशा खुर्चीच्या पाठीत गेला."

टेबलावर वह्यांचा गठ्ठा होता तसाच होता. त्याने वरच्या दोन वह्या उचलल्या. खाली मोठा, घडी घातलेला, पुठ्ठ्यासारखा कागद. उलगडला तर बाईंचं अक्षर. बारीक, उजवीकडे कललेलं, रकान्यारकान्यांत भरलेलं. सुताराने तो कागद लगेच उलटा केला. मागची बाजू कोरी होती. अक्षर बघवत नव्हतं, म्हणून उलटा केला आणि तसाच उलटा ठेवून त्यावर फर्मा आखला. कापून झाल्यावर कडेचे तुकडे ढलप्यांच्या खोक्यात टाकले. फर्मा भिंतीवर खिळ्याला टांगला, लिहिलेली बाजू भिंतीकडे करून.

चार दिवसांत चाक तयार झालं. मिठागरावर नेऊन बसवलं. मुकादमाने स्वतः चढून पाय मारले. पाणी चढलं. जुन्याइतकंच चढलं. कुणाची तक्रार नव्हती.

*

मोठे गुरुजी घरी आले ते वीस-बावीस दिवसांनी. सोबत नवे मास्तर होते. तरुण, इस्त्रीचा सदरा, बुटांना मीठ लागून पांढऱ्या रेघा आलेल्या. ते बाईंच्या जागी आले होते आणि हे सगळ्यांना सारखं आठवत असल्यामुळे ते सारखे सदरा ओढून नीट करत होते.

"बाईंच्या टेबलावर एक अर्ज असेल," मोठे गुरुजी म्हणाले. "मोठा कागद, जाड. हुशार मुलांच्या शाळेसाठीचा."

"कुणाचा अर्ज?"

"थांबाचा."

आक्का आतून म्हणाली, "ती? तिला आपलं नाव विचारलं तरी थांबा म्हणते."

"मीही तेच म्हणालो होतो बाईंना," मोठे गुरुजी म्हणाले. "म्हटलं, बाई, परीक्षेत तिचा निम्मा पेपर कोरा असतो. तर मला म्हणाल्या, उरलेला निम्मा वाचलात का?" त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "मी वाचला नव्हता."

त्यांनी मग नीट सांगितलं. ती शाळा लांब आहे, राहायची-जेवायची सोय तिथेच. परीक्षेवर घेत नाहीत. वर्गात शिकवणाऱ्याने वर्षाचे दहा महिने मुलावर लक्ष ठेवायचं, दर महिन्याला काय दिसलं ते एका रकान्यात लिहायचं आणि शेवटी सही करायची. अर्ज या महिनाअखेर पोचायला हवा. थांबाचं वय बघता पुढच्या वर्षी चालणार नाही. आणि तीन आठवड्यांत मिठाचा हंगाम संपला की तिच्या घरचे कामाला दुसरीकडे जाणार.

"मग यांनी नवा भरावा," सुतार मास्तरांकडे बघून म्हणाला.

"मी तिला एकोणीस दिवस बघतोय," मास्तर म्हणाले. "त्यातले सतरा दिवस ती थांबा म्हणाली आणि दोन दिवस आली नाही. खोटं नाही सांगत, मला तरी ती मागे पडलेली वाटते. न बघितलेल्यावर मी सही कशी करू?"

यात राग धरण्यासारखं काही नव्हतं. सुतारही न मोजलेलं लाकूड कापत नसे.

"शोधतो," तो म्हणाला.

ते गेल्यावर तो बराच वेळ उठला नाही. अर्ज कुठे आहे ते त्याला गुरुजींनी 'मोठा कागद' म्हटलं तेव्हाच कळलं होतं.

*

फर्मा खिळ्यावरून काढून त्याने उलटा केला. ढलप्यांचं खोकं ओट्यावर आणून पालथं केलं. भुशातून तुकडे निवडले. एक, दोन, पाच, सात. जमिनीवर जुळवून बघितले. मधोमध फर्म्याचं वाकडं पातं, भोवती तुकडे. उजवीकडे हाताच्या पंजाएवढी जागा रिकामी राहिली.

"आक्का, यातलं काही नेलंस?"

"चूल पेटवायला थोडं नेलं होतं. भुसा नुसता धुमसतो. का रे?"

"काही नाही."

मग त्याने वाचलं. गुडघ्यांवर बसून, बोट ठेवून.

'पहिला महिना. प्रश्न विचारला की थांबा म्हणते. मुलं हसतात. आज मीही हसले.'

'दुसरा महिना. आज ठरवून थांबले. घड्याळ लावलं. चार मिनिटं. उत्तर बरोबर. मग म्हणाली, अजून एक उत्तर आहे. तेही बरोबर. ते मला माहीत नव्हतं.'

'तिसरा महिना. ती उत्तर शोधत नसते. दोन-तीन असतात, त्यातलं कुठलं द्यावं ते बघत असते. पेपरात म्हणूनच जागा सोडते. मी इतकी वर्षं अशा किती जणींना शून्य दिलं असेल?'

चौथ्या महिन्यात वाफ्यांच्या उतारावर तिने काढलेलं गणित होतं. उंची तिने स्वतःच्या नडगीवर मोजली होती, पाणी कुठवर लागतं ते बघून. पाचव्यात बाईंनी लिहिलं होतं, 'घरी यांना सांगितलं. हे म्हणाले, पोरगी कामाकडे नीट बघते. मोठ्या माणसांना जमत नाही तसं.'

सुताराला हे बोलल्याचं आठवत नव्हतं. तो पाचवा रकाना फर्म्याच्या कडेने मधोमध कापला गेला होता. सहावा जळाला होता. सातवा होता, आठवा होता. आठव्यात शेवटी एवढंच: 'आधी सगळं बघते. मग बोलते. बोलल्यावर ते परत घ्यावं लागत नाही.' नववा आणि दहावा कोरे. त्याखाली सहीची जागा, तीही कोरी. बाई वर्ष पुरं व्हायची वाट बघत होत्या.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सुतार मिठागरावर गेला. वाफ्यात थांबाचा बाप लाकडी फावड्याने मीठ ओढत होता. पाय घोट्यापर्यंत पांढरे, टाचांना भेगा. सुतार येताना दिसला तसं त्याने फावडं टाकलं आणि हात पुसले.

"दादा, त्या दिवसाचं मी तिला खूप बोललो," तो म्हणाला. "एक ठेवूनही दिली. पोरगी मुलखाची मंद आहे, तुम्ही मनात धरू नका."

"मंद नाही ती. कुठे आहे?"

"चाकापाशी. तीन दिवस झाले, शाळेतून आली की चाकासमोर बसते. आई म्हणते, सोयरीक चाकाशीच जमवा."

थांबा चिखलात उकिडवी बसली होती. चाकावर तिची आई पाय मारत होती. सुतार शेजारी बसला. दोघं बराच वेळ पाणी बघत राहिले.

"तुझा अर्ज मी कापला," तो म्हणाला. "बाईंनी लिहिलेला. त्याचा फर्मा केला."

तिने त्याच्याकडे बघितलं. "सगळा?"

"एक महिना जळला. सहावा. काय होतं त्यात?"

"थांबा."

तो थांबला. चाकाचे पाच-सहा फेरे झाले.

"सहाव्या महिन्यात बाई पंधरा दिवस आल्याच नव्हत्या," ती म्हणाली. "आल्या तेव्हा जिना चढून भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. मला म्हणाल्या, कुणाला सांगू नकोस. त्यांनी माझं काय लिहिलं ते मला माहीत नाही."

सुताराला त्या पंधरा दिवसांत बाईंनी साधा खोकला म्हणून सांगितलं होतं. त्यानेही तेच धरलं होतं.

"त्या दिवशी बांधावर किती वेळ उभी होतीस?"

"चार खिळे. एक वाकला होता, तो धरून पाच."

"का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असता. पाणी फिरलं होतं. फळीला एकच खिळा होता." तिने नखाने चिखल उकरला. "डॉक्टरांनी बाईंचे डोळे मिटले ते मी बघितलं होतं. बाईंना घाई नव्हती. फळीला होती."

वर तिची आई पाय मारत होती आणि चाक कुरकुरत होतं.

"पाती उलटी आहेत," थांबा म्हणाली.

"काय?"

"खोलगट बाजू पुढे आहे ना, म्हणून पाणी वर जातं, पण वर गेल्यावर पटकन पडत नाही. थोडं पात्यातच राहतं आणि पलीकडून खाली येतं. आई ते उगाच वर नेते आणि परत आणते. पाती उलटी लावली तर वर गेल्या गेल्या पडेल."

"मग खाली पाणी कमी धरेल."

"कमी घेईल. पण घेतलेलं सगळं देईल."

सुताराने चाक बघितलं. आजवर त्याने अशी सहा चाकं केली होती, त्याच्या बापाने किती केली त्याला हिशेब नव्हता. पात्याच्या पाठीमागून एक बारीक धार परत चारीत पडत होती. ती आजवर त्याला दिसत होती आणि कधीच दिसली नव्हती.

*

घरी येऊन त्याने सरस उकळला. बारीक रंधलेल्या एका फळीवर तुकडे मांडले आणि एकेक चिकटवले. जळालेल्या जागी फळीचं लाकूड तसंच दिसत राहिलं. सकाळी तो फळी काखेत मारून शाळेत गेला. थांबाच्या बापालाही बोलावलं होतं. मास्तरांनी त्याला बसा म्हटलं, पण खोलीत मुलांचेच बाक होते. तो बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसला आणि आपल्या पायांचं मीठ फरशीवर पडतंय म्हणून पाय उचलून धरत राहिला.

"अर्ज आहे का फळी?" मोठे गुरुजी म्हणाले. पण वाचायला लागल्यावर त्यांनी चष्मा दोनदा पुसला. वाचून मास्तरांकडे सरकवला. मास्तरांनी उभ्यानेच वाचला. तिसऱ्या महिन्यापाशी ते खाली बसले.

"हे सगळं बाईंनी बघितलंय," ते शेवटी म्हणाले. "मी नाही बघितलं."

"मग बघायला चला," सुतार म्हणाला. "मी आज दोन पाती उलटवतोय."

संध्याकाळी मास्तर बूट हातात घेऊन मिठागरावर आले. मुकादम आधीच कमरेवर हात ठेवून उभा होता.

"चांगलं चालतं चाक पोरीच्या सांगण्यावरून मोडणार?"

"मोडत नाही. फिरवतोय."

"बिघडलं तर?"

"तर माझी खुर्चीही बसल्यावर कळते म्हण."

सुताराने समोरासमोरची दोन पाती काढून उलटी बसवली. थांबाची आई चाकावर चढली. सगळे बघत होते. सहा पात्यांमागून धार परत पडत होती. दोन पाती वर जायची, रिकामी व्हायची आणि कोरडी खाली यायची.

"ही दोन आली की पायाला हलकं लागतं," आई वरून म्हणाली.

मास्तर थांबाजवळ गेले. "का होतं असं?"

"थांबा," ती म्हणाली.

मास्तरांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. बूट खाली ठेवले. मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि उभे राहिले. मुकादम काहीतरी बोलायला लागला, तर त्यांनी हातानेच त्याला गप्प केलं. पायाखालचं मिठाचं पाणी त्यांना झोंबत असावं, कारण ते एकदा या पायावर आणि एकदा त्या पायावर भार देत होते. मग थांबा बोलायला लागली आणि बराच वेळ बोलली. चिखलात काडीने चाक काढून दाखवलं, पाती तिरकी असती तर काय झालं असतं तेही सांगितलं. मास्तरांनी मध्येच एक चूक काढली. ती म्हणाली, थांबा. आणि ती चूक तिची नव्हती, मास्तरांची होती.

*

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी फळीवरचा नववा रकाना भरला. काय बघितलं ते लिहिलं, किती दिवस बघितलं तेही लिहिलं आणि खाली आपली तारीख घातली. सहीच्या जागेपाशी त्यांचं पेन थांबलं. तिथे छापलं होतं, वर्षभर शिकवणाऱ्या वर्गशिक्षकाची सही. त्यांनी पेन खिशात ठेवलं. मोठ्या गुरुजींनी सोबत चिठ्ठी लिहिली, की वर्गशिक्षिका वारल्या आहेत, अक्षर त्यांचंच आहे, एक रकाना चुकून जळला आहे. मास्तर स्वतः बसने जाऊन फळी देऊन आले. तिथल्या कारकुनाने ती उलटसुलट करून बघितली आणि वरिष्ठांना विचारून कळवतो म्हणाला.

त्याला आज बारा दिवस झाले. थांबाच्या घरच्यांनी भांडी पोत्यात भरायला घेतली आहेत. पुढच्या मंगळवारी ते जातील. उत्तर आलं तर पोरीला पाठवतो, असं बाप म्हणाला आहे, आणि नाही आलं तर काय, ते त्याला कुणी विचारलेलं नाही. आक्का आपल्या घरी गेली. सुताराने बाईंचं टेबल आवरलेलं नाही.

चाकाची पाच पाती उलटवून झाली आहेत. तीन राहिली आहेत. अर्जातला सहावा रकाना आणि दहावा रकाना रिकामा आहे, आणि सही व्हायची आहे.